शिंप्याच्या पायाशी

तिंबक्तूच्या उत्तरेकडच्या वस्तीत अझाहरा नावाच्या विधवेने मिठाच्या व्यापारातली सारी कमाई मातीत घातली, आणि तीही हसत हसत. मशीद उभी राहिली, शेजारी शिकणाऱ्यांसाठी लांबलचक पडवी झाली. एवढं करून गुरूच्या जागी बसवायचं कुणाला, तर म्हणे अल्फा बूयाला!

बूया झगे शिवून पोट भरायचा आणि सुई चालवता चालवता मुलांकडून कायद्याचे ग्रंथ पाठ करून घ्यायचा. त्याच्यासारखा जाणता माणूस पंचक्रोशीत नाही, हे अझाहराला पक्कं ठाऊक होतं. पण वस्तीचा म्होरक्या हम्मादू नाक मुरडायचा. "आमच्या मुलांनी शिंप्याच्या पायाशी बसायचं?"

तेवढ्यात कैरोचा शेख झकरिया चार उंटांवर पुस्तकं लादून गावात उतरला. हम्मादूच्या अंगात बळ आलं. शुक्रवारी शेख आणि बूया दोघांनी सगळ्यांसमोर बसावं, शेख म्हणेल तो गुरू, असं त्याने ठरवूनच टाकलं. अझाहराला चार दिवस घास गोड लागला नाही. शेख स्वतःचंच नाव घेणार, यात शंका ती काय?

शुक्रवारी शेख उंच गादीवर बसला आणि विहिरीच्या हक्काचं प्रकरण वाचू लागला. मालकाचा हक्क सांगून झाला, पुढे 'जनावरांनाही हाच न्याय' असं आलं. तिथे बूया हलकेच म्हणाला, "शेख, मधली एक ओळ राहिली."

"ग्रंथ माझ्यासमोर आहे. तुमच्यासमोर काय आहे?"

"काही नाही. आमच्याकडे पुस्तक पाहुण्यासारखं येतं. ते परत जायच्या आत पाठ करावं लागतं." मग त्याने ओळ म्हणून दाखवली: तहानलेल्याला मालकाची परवानगी लागत नाही.

"शिंपी कैरोला उसवायला निघाला," हम्मादू म्हणाला. लोक हसले.

शेख हसला नाही. 'हाच न्याय' म्हणजे कुठला, हे वीस वर्षं त्याचे विद्यार्थी विचारत होते आणि वीस वर्षं तो काहीबाही सांगून वेळ मारून नेत होता. ग्रंथ उतरवून घेणाऱ्याची नजर एक ओळ ओलांडून गेली होती, एवढंच. त्याने लेखणी मागितली, समासात ती ओळ लिहिली आणि शाई वाळेपर्यंत थांबला. मग तो गादीवरून उठला आणि बूयासमोर, मुलांच्या रांगेत, वाळूवर मांडी घालून बसला.

"मी शिकवायला आलो होतो," तो म्हणाला. "आता शिकूनच जाईन. पुस्तकं मात्र इथेच राहतील."

पडवीच्या दारात उभ्या असलेल्या अझाहराचे डोळे वाहू लागले. तिने ते पुसले नाहीत. पाहू दे की साऱ्या वस्तीला!

थोड्या वेळाने हम्मादू आपल्या दोन्ही मुलांना पुढे ढकलत तिच्यापाशी आला.

"ताई, यांना जागा होईल का?"

"होईल की," अझाहरा म्हणाली. "शेखच्या मागे बसव."