विटेपेक्षा कडक

रस्ता रुंद होणार म्हणून घर जाणार होतं. सकाळी मशीन येईल, तोवर हाताने उतरवाल तेवढं तुमचं, असं साहेब सांगून गेला. जशी काही मेहेरबानीच.

गवंडीण हातोडा घेऊन थेट मागच्या खोलीत शिरली. गवंडी जाऊन दोन महिने झाले, तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. लोक बोलायचे, बोलोत. तिला एवढंच हवं होतं: टेकाडावरच्या जमिनीच्या तुकड्यावर एक खोली, ती याच खोलीच्या विटांची.

पुढच्या खोलीत सासू तिला भिंतीला टेकू द्यायची नाही. "या भिंतीचा चुना मी मळलाय. तुझं तेलकट डोकं लावू नकोस." शेवटी नवऱ्याचं डोकं फिरलं. त्याने मागे ही खोली उठवली, सिमेंट पाण्यासारखं ओतून. म्हणाला, "जगबुडी आली तरी हलायची नाही. टेक हवी तेवढी."

तिने घाव घातला. सांधा तसाच राहिला, वीट मधोमध फुटली. दुसरी फुटली. तिसरीही.

दीर पुढची भिंत उतरवत होता. तोही गवंडीच. आवाज ऐकून डोकावला. "वहिनी, सांध्यातला माल सुटत नाहीये, वीट फुटतेय."

"दिसतंय. आंधळी नाही मी."

"दादाला तेव्हाच म्हटलं होतं, माल विटेपेक्षा मऊ हवा. ताण आला तर सांध्याने सोसावा. तर म्हणाला, तू तुझी थापी सांभाळ."

"तुमच्या दादापुढे कोण जिंकलंय? मरतानासुद्धा डॉक्टरशी भांडत होता."

दीर हसला. ती हसली नाही.

दुपारपर्यंत तिच्यापुढे नुसता राडारोडा. पुढे मात्र चुना भुगा होऊन गळत होता आणि विटा दुधाच्या दातासारख्या अलगद हातात येत होत्या.

"आईच्या विटा बघा. पुसल्या की नव्या."

"जिवंतपणी खडा दिला नाही कधी," ती म्हणाली. हातोडा खाली ठेवला. "घ्या. तिच्याच घ्या."

मग ती तुकडे पाटीत भरू लागली.

"हे कशाला आता?"

"जमिनीखाली भराव नको? का तुम्हाला पुरू?"

टेकाडावर खोली उभी राहिली. दिराने सिमेंटचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "चुन्यातच लावा. उद्या इथेही रस्ता हवा होईल कुणाला." चुना तिनेच मळला.

काम संपलं, दीर गेला. ती नव्या जमिनीवर बसली. नवऱ्याची खोली खाली, सासूची भिंत मागे. तिने पाठ टेकली. आता तरी रडू येईल म्हणून वाट बघितली.

आलं नाही. पाठीला चुना लागला. तिने तो झटकला नाही.