लाकडं आणायला गेलेला

विन्योंने लॅपटॉप पालथा केला, पाठीवरची बारीक अक्षरं शर्टाच्या टोकाने पुसली आणि पुन्हा सरळ करून चालू केला. पडदा उजळला. सकाळपासून चौथ्यांदा तेच वाक्य आलं. ऑपरेटिंग सिस्टीम अ‍ॅक्टिव्हेट झालेली नाही. हा संगणक झिन्सू आहुआन्सू यांच्या नावे आहे. त्यांची ओळख पटल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"माझ्याकडच्या खऱ्याखोट्या सगळ्या चाव्या लावून झाल्या," विन्यों म्हणाला. "अख्ख्या बोहिकाँच्या बाजारात असं हट्टी यंत्र नाही पाहिलं. सासूच आहे ही. जावयाचं तोंड दिसल्याशिवाय कडी काढायची नाही."

सागबो हसला नाही. विन्योंच्या दुरुस्तीच्या टपरीत एकच बाक होता, त्यावर तो मांड्यांखाली हात दाबून बसला होता.

"तीस दिवसांची सूट होती ना तुला? मग झोपला होतास?"

झोपला नव्हता. रोज सकाळी पडद्यावर ते नाव यायचं. खाली दोन चौकटी असायच्या, 'आत्ता' आणि 'नंतर'. रोज सकाळी तो 'नंतर' दाबायचा, आणि नाव निमूट बाजूला व्हायचं. तीस दिवस त्याने जमीनमोजणीचा प्रबंध लिहिला. शंभर पानं आणि अकरा नकाशे. एकतिसाव्या दिवशी, म्हणजे आज, खाली एकच चौकट उरली होती. प्रबंध आत होता, आणि उद्या दुपारी बारापर्यंत तो जमा झाला नाही तर यंदाची पदवी गेली, आणि पदवीवर अडलेली नगरकचेरीतली नोकरीही गेली.

विद्यार्थ्यांच्या योजनेतून मिळणाऱ्या लॅपटॉपसाठी दोघा जुळ्या भावांनी मिळून एकच अर्ज केला होता. अर्जावर नाव झिन्सूचं, कारण अक्षर त्याचं चांगलं. खोकं आलं तेव्हा घरात ते फोडायला सागबो एकटाच होता.

टपरीच्या दाराशी त्याची आई, हुएफा, बसली होती. पानात गुंडाळलेले अकासाचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडीचे, गोळे टोपलीत रचून ती रोज इथेच विकायला बसायची. बाजारात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे होहोनो म्हणत, जुळ्यांची आई. तिने एक पान सोडलं, बोटाच्या टोकावर कण घेतला आणि कमरेच्या गुंडाळीत खोचलेल्या वीतभर लाकडी बाहुल्याच्या ओठांना लावला. मग उरलेला गोळा सागबोपुढे धरला.

"खा. त्याने खाल्लंय."

चौदा महिने हे असंच चाललं होतं. बाहुल्याला अंघोळ, बाहुल्याला तेल, आधी त्याचा घास आणि मग याचा. तेल लावताना ती पुटपुटायची,

*एक गेला रानामंदी, लाकडं येचायाला,*
*एक ऱ्हायला चुलीपाशी, इस्तू राखायाला.*

जुळ्यातला एक गेला की तो गेला असं म्हणायचं नसतं. तो रानात लाकडं आणायला गेलेला असतो, आणि घरात त्याच्या जागी बाहुला असतो. मागे राहिलेल्याने तर तो मरणाचा शब्द जिभेवरही आणायचा नसतो. रानातला तो ऐकतो, त्याला एकटं वाटतं आणि तो हाक मारतो. आणि जुळ्याच्या हाकेला जुळा 'ओ' दिल्याशिवाय राहत नाही.

"फोन लाव," विन्यों म्हणाला. "मदतीचा नंबर आहे खाली. चाव्यांनी होत नाही ते कधीकधी रडून होतं."

फोन बराच वेळ वाजत राहिला. मग एका बाईचा आवाज आला. सेनामी, असं नाव तिने सांगितलं. विन्योंने फोन मोठ्या आवाजावर टाकून बाकावर ठेवला. सागबोने लॅपटॉपच्या पाठीवरचा नंबर वाचून दाखवला.

"झिन्सू आहुआन्सू आपणच का?"

"नाही. मी सागबो. त्याचा भाऊ."

"मग त्यांना द्या ना फोन. दोन मिनिटांचं काम आहे."

सागबोने टपरीच्या पत्र्याकडे पाहिलं.

"तो लाकडं आणायला गेलाय."

पलीकडे कळफलकाचा आवाज चालला होता, तो थांबला. बाई बोलली तेव्हा तिचा कामाचा सूर उतरला होता.

"किती दिवस झाले, दादा?"

"चौदा महिने."

"माझ्या आजोळीही एक आहे असा," ती म्हणाली. मग हळूच, "ऐका. नाव बदलायला मला कारण लिहावं लागतं. मृत्यूचा दाखला पाठवलात तर दहा दिवसांत होईल."

"दाखला काढला नाही आम्ही."

"कसा काढणार," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मग दुसरी वाट एकच. घरच्या माणसाने फोनवर स्पष्ट सांगायचं. ध्वनिमुद्रण होतं. मी तुमच्या वतीने बोलू शकत नाही, माझी नोकरी जाईल. लाकडांचं मला कळलं, पण ते मुद्रण तपासणाऱ्यांना नाही कळायचं. एक शब्द हवा. एकच."

सागबोने तोंड उघडलं. हातातला अकासाचा गोळा बोटांमधून पिठासारखा बाहेर आला.

"दादा?"

"यंत्र हरवलं, असं लिहा."

"यंत्र तर तुमच्या समोर आहे ना?"

"मग लिहा की तो परगावी आहे."

"परगावचा नंबर मागतील हो."

विन्योंने मान खाली घातली आणि एक स्क्रू, जो घट्टच होता, आणखी घट्ट करत बसला. "राहू दे बाबा," तो पुटपुटला. "पुढच्या वर्षी दे परीक्षा. नोकऱ्या काय, येतात जातात."

"माझ्याशी लग्न करणार आहेस का तू पुढच्या वर्षी?" दारातून हुएफा विन्योंला म्हणाली. "नाही ना? मग पुढच्या वर्षी याला खाऊ कोण घालणार?"

विन्यों हसायला गेला, पण ती हसत नव्हती. तिने टोपली बाजूला सारली. कमरेची गुंडाळी सोडली, बाहुल्याला तिच्यात नीट लपेटलं, डोक्यावरून कान झाकले, मग आणखी एक वेढा दिला. तो पुडा तिने टपरीबाहेर, विन्योंच्या सायकलीच्या मागे, सावलीत ठेवला. परत आत आली.

"सागबो, बाहेर जा. नळावर हात धुऊन ये."

"आई, नको."

"हात बरबटलेत तुझे. जा."

तो उठला. दारात थांबला. तिने पाहिलं, तसा निघाला. नळाचं पाणी वाजायला लागेपर्यंत ती उभीच राहिली. मग बाकाशी वाकली आणि भाव सांगतात तशा मोठ्या, सपाट आवाजात फोनशी बोलली.

"मुली, ऐकतेयस? मी त्याची आई. झिन्सू मेला."

ती फोनवर आणखी वाकली.

"पुरे की परत सांगू?"

"पुरे, आई," सेनामी म्हणाली. तिला दोनदा खाकरावं लागलं. "आता मी आकडे सांगते. सहा सहाच्या गटाने."

विन्यों आकडे टाकत गेला. हुएफाला वाचता येत नव्हतं, पण आकडे सगळे येत होते. प्रत्येक आकडा ती त्याच्यामागे मोठ्याने म्हणत होती, जणू एखादा चुकला तर सगळं पुन्हा सांगावं लागेल. सागबो ओले हात घेऊन दारात आला तेव्हा पडद्यावर त्याचे नकाशे उघडलेले होते.

त्याने हात शर्टाला पुसले. बाकावर बसला. उघडलेल्या पानाकडे बघत राहिला.

हुएफाने विन्योंला कोपऱ्यात घेतलं.

"ते मुद्रण म्हणाली ना ती. त्यात आवाज माझाच आहे ना?"

"तुझाच, होहोनो."

"याचा नाही ना कुठे? नीट सांग. याने तोंड उघडलं होतं."

"शब्द नाही निघाला त्याच्या तोंडून. मी इथेच होतो."

"म्हणजे रानात कुणी ऐकलंच, तर मी म्हटलंय हे ऐकेल."

"हो."

तिने मान हलवली. मग आपलं बुटकं लाकडी स्टूल उचललं आणि टपरीच्या बरोब्बर दारात, मधोमध मांडलं. रोज ती आतल्या बाजूला तोंड करून बसायची, विन्योंशी भांडता यावं म्हणून. आज पाठ आत केली. तोंड त्या वाटेकडे, जी बाजार संपला की रानाला लागते.

"तू लिही," मागे न बघता ती म्हणाली.

दुपारी गिऱ्हाइकं आली. कुणीतरी हाक मारली, होहोनो, चार दे, ऊन ऊन दे. तिने टोपलीकडे बोट दाखवलं, घ्या तुम्हीच. ती दारातून हलली नाही. संध्याकाळी लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला, तरी नाही.