बाईंच्या उजव्या कानाचा सोबती

मित्रांनो, बाईंच्या खोलीत खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर जी काळी पेटी दिसते ना, तीच मी. जुना मोनो पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. प्लेयरकडून आलेला नाजूक आवाज घ्यायचा, त्याला बळ द्यायचं आणि स्पीकरकडे पाठवायचा, हे माझं काम. मोनो असल्यामुळे मी एकाच स्पीकरला पुरतो. दोन स्पीकर वाजवायचे तर माझ्यासारखे दोघे लागतात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या अंगावर चकचकीत काही नाही. साधा पत्रा, एक बटण आणि एक इवलासा दिवा. सगळा खर्च पोटात. म्हणून मी स्वस्त असलो तरी उचलायला गेलात तर कंबर सांभाळावी लागते!

दुकानात येताना माझ्या जोडीदाराचं खोकं वाटेत आपटलं आणि तो परत गेला. मी एकटाच फळीवर राहिलो. जोडीतला एकच बूट कोण विकत घेणार? त्यातून माझी किंमत ऐकली की गिऱ्हाइकं नाक मुरडायची. "एवढा स्वस्त? मग वाजणार काय, डोंबल!" असं म्हणून पुढे जायची. दुकानदाराने शेवटी माझ्यावर वायरींची भेंडोळी ठेवायला सुरुवात केली. मी मुकाट्याने धूळ खात पडलो.

एके दिवशी दुपारी एक तरुणी आली. तिने विचारलं, "एकच स्पीकर चांगला वाजवील असं काही आहे?"

"ताई, लोक दोन मागतात," दुकानदार म्हणाला.

"माझ्या आईला एकाच कानाने ऐकू येतं."

दुकानदार माझ्या फळीकडे वळला. मग त्याने भेंडोळी बाजूला सारली आणि मला फडक्याने पुसलं.

तिची आई म्हणजे आमच्या बाई. त्या शाळेत समूहगान शिकवत. एका आजारपणात त्यांचा डावा कान कायमचा गेला. तरी त्यांनी शिकवणं सोडलं नव्हतं. पण मी येण्याच्या थोडे दिवस आधी एक प्रसंग घडला. तो मी घरातल्या बोलण्यातून ऐकला. मुलींच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मोठ्या कार्यक्रमाच्या निवडीसाठी पाठवायचं होतं. ते ऐकायला बाई मुलींना घेऊन आपल्या थोरल्या भावाकडे, म्हणजे मामांकडे गेल्या. मामांचा गाणी ऐकायचा संच खोलीभर पसरलेला आणि भलता महाग. बाईंनी गाणं ऐकलं आणि म्हणाल्या, "छान झालंय, पाठवून द्या."

तेव्हा एक मुलगी हळूच बोलली, "बाई, पण शेवटी आमची रांग चुकली ना?"

ती रांग डाव्या स्पीकरमधून गात होती. ती बाईंच्या बंद कानाकडे होती. बाईंचा चेहरा उतरला. घरी येऊन त्या लेकीला म्हणाल्या, "अर्धं गाणं ऐकणारी बाई पोरींना काय शिकवणार? मी आता थांबते."

म्हणून लेकीने मला आणलं. तिच्या जुन्या प्लेयरवर डावा-उजवा आवाज एकत्र करणारं बटण होतं. ते तिने दाबलं. एकच स्पीकर बाईंच्या उजव्या हाताला ठेवला आणि मला त्याला जोडलं. तेवढ्यात मामा आले. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, हे काय उचलून आणलंस? माझा संच हिला पुरला नाही, आणि हे डबडं पुरणार?"

"मामा, आधी ऐका तरी," लेक म्हणाली.

मित्रांनो, खरं सांगतो, मला धाकधूक होती. इतके महिने मी आवाजच केला नव्हता. लेकीने बटण दाबलं. माझा दिवा लागला. तेच गाणं सुरू झालं. मी पोटातलं सगळं बळ लावलं, पण उगाच आरडाओरडा केला नाही. प्रत्येक आवाज जसा आला तसाच पुढे दिला.

बाई आधी पाठ टेकून बसल्या होत्या. मग पुढे झुकल्या. शेवटची ओळ आली आणि त्यांनी हात वर केला.

"थांबव! ही बघ, रांग अर्धी मात्रा आधी सुटली. आणि मागची एक पोर श्वास घ्यायला विसरली. दादा, तुला ऐकू आलं का?"

मामांनी मान हलवली. "नाही गं, मला नाही आलं."

"मला आलं!" बाई हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "उद्या पोरींना बोलाव. पुन्हा गाऊन घेते."

मामा माझ्याजवळ आले. त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि "अरे बापरे!" म्हणून परत ठेवलं. लेकीला म्हणाले, "चुकलो बरं का. हिच्यासाठी माझा संच बिनकामाचा आणि हा लाखमोलाचा."

मुली पुन्हा गायल्या. त्यांची निवड झाली. बाईंनी शिकवणं सोडलं नाही.

पण कौतुकाबरोबर हेळसांडही येते. पाहुण्यांसमोर शोभा म्हणून माझ्यावर जाड भरतकामाचं कापड आलं, त्यावर फुलदाणी आली. माझी गरम हवा कोंडली. मी आतल्या आत तापत गेलो आणि एका सकाळी मुलींची तालीम चालू असताना गप्प झालो. सगळे म्हणाले, "स्वस्त वस्तू, नवी घ्या." बाई ऐकेनात. शेवटी मामांनीच मला गाडीत स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि दुरुस्तीला नेलं. कारागिराने आतला जळका भाग बदलला आणि बजावलं, "याच्या डोक्यावर काही ठेवू नका."

तेव्हापासून माझ्या डोक्यावर काही नाही. बाई रोज स्वतः माझी धूळ पुसतात.

मित्रांनो, घरातल्या यंत्राला मोकळी हवा द्या. बिघडलं तर टाकून देण्याआधी एकदा दुरुस्त करून बघा. आणि त्याची योग्यता ठरवताना किमतीच्या चिठ्ठीवर थांबू नका. ते कुणाच्या उपयोगी पडणार आहे, हे आधी विचारा. बरं, आता मला रजा द्या. दारात मुलींच्या चपला वाजल्या आहेत, आणि बाई उजवा कान स्पीकरकडे येईल अशी खुर्ची सरकवून माझं बटण दाबताहेत.