चतुराच्या नावाची नळी

मी रक्ताची नळी बोलतेय. बोटाएवढी, प्लास्टिकची, जांभळ्या टोपणाची. तुम्ही म्हणाल, नळीला कसला आलाय नवस! पण मी एकदा बोलले होते, अगदी मनापासून. तो कुणासाठी, ते आधी ऐका.

बीडजवळच्या लिंबागणेशला, गणपतीच्या गावी, चतुर्थीचा दिवस होता. दर्शनाला बायका येतातच, म्हणून शहरातल्या एका कॉलेजच्या डॉक्टरांनी शाळेत शिबिर लावलं होतं. या भागातल्या बायकांच्या किडन्या कशानं निकामी होतात, हे त्यांना शोधायचं होतं. मी एका खोक्यात, माझ्यासारख्याच रिकाम्या बहिणींमध्ये पडून होते.

दुर्वांची जुडी पदरात बांधलेली एक बाई टेबलासमोर बसली.

"मावशी, नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"चतुरा."

मागे तिची जाऊ बबिता उभी होती. ती खेकसलीच. "अगं रुक्मिणी सांग की! लगनातलं नाव इसरलीस का?"

"गप बस. नवसाचं रगत हाय. देवाला रुक्मिणी कुठं ठावी? त्याच्याकडं चतुराच हाय."

"मंग देवाच्या हाफिसात आधार कार्ड चालत न्हाई म्हण की!"

सगळी रांग हसली. डॉक्टरही हसले आणि माझ्या अंगावरच्या चिठ्ठीवर त्यांनी 'चतुरा, लिंबागणेश' असं लिहिलं. सासरी जिला सगळे रुक्मिणी म्हणायचे, ती माझ्यात तिच्या माहेरच्या नावानं आली.

सुईच्या जागी कापूस दाबून धरत बाईनं देवळाच्या दिशेला तोंड केलं. "गणराया, माजी आय पाय सुजून गेली, भण तशीच गेली. माज्या लेकीला, उज्ज्वलाला तरी कळू दे, हे कावून होतंय. या रगताचं उत्तर येईस्तवर मी गोड खाणार न्हाई."

मी तिच्या रक्तानं ऊनऊन झाले होते. तेव्हा मीही नवस बोलले, की उत्तर दिल्याशिवाय यातला एक थेंब सांडू देणार नाही.

मग मला कॉलेजात नेलं आणि फ्रीजरमध्ये ठेवलं. तिथली थंडी तुम्हाला सांगून कळायची नाही. पहिल्या पहिल्यांदा दार उघडलं की मला वाटायचं, आला आपला नंबर. पण दुसऱ्याच काही वस्तू आत यायच्या आणि दार लागायचं. शिबिराचे डॉक्टर दुसऱ्या शहरात नोकरीला गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी आपलं वेगळं काम मांडलं. कुणी दुष्ट नव्हतं हो. आम्ही आत आहोत, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. माणसं देवघरातल्या समईची वात रोज पुढे सारतात, आणि जे द्यायला कुणी हात पुढे केला ते रक्त मात्र ठेवून विसरतात.

आणि एके दिवशी माझ्यात काहीतरी हललं.

आत नुसता बर्फ होता, हलायला जागा नव्हती. तरी हललं. कापराचा वास आला. बाई माझ्यात राहायला आली होती. बाहेर तिचं काय झालं असेल ते मला त्याच क्षणी समजलं, विचारायची हिंमत झाली नाही. गोड न खाताच देवाघरी गेली असणार.

त्यानंतर ती माझ्यातून हललीच नाही. वीज गेली आणि जनरेटर लागायला उशीर झाला, की माझ्या कडा किंचित ओलसर व्हायच्या आणि तिचा आवाज स्पष्ट व्हायचा. "उत्तर आलं का गं?" शेजारच्या नळ्यांमधूनही कुणीकुणी कण्हायचं. एकीत तर कुणी मुसमुसत होतं, आम्ही सगळ्या ते ऐकायचो. एवढ्या बायका त्या अंधारात, आणि एकीलाही घरी जाता येईना.

मग एका सकाळी दार सताड उघडलं. फ्रीजर सांभाळणारा म्हाळू आमचे कप्पे रिकामे करू लागला. नवीन अभ्यासाच्या नळ्या येणार होत्या. मी धाडकन बादलीत पडले, माझ्यावर आणखी कितीतरी जणी. अंगावरचा बर्फ सुटू लागला. चिठ्ठीची शाई ओघळायला लागली. आतून बाई घाबऱ्या आवाजात विचारत होती, "कुठं चाललो गं आपण?" मी टोपण घट्ट धरून होते, दुसरं माझ्या हातात काय होतं?

तेवढ्यात डॉक्टर सलिमा आत आल्या. बीडच्याच. नवीन अभ्यास त्यांचाच होता, आणि तोही किडनीचाच.

"म्हाळूमामा, थांबा जरा. लिंबागणेशची एक बाई रक्त द्यायला हातच पुढे करत नाही. म्हणते, माझ्या आईचं रक्त नेलं होतं, त्याचं काय झालं ते आधी सांगा."

"मॅडम, दुसरीचा हात घ्या की. गावात काय हातांचा दुष्काळ हाय?"

"मामा, ती म्हणते ते बरोबर आहे. रुक्मिणी नावाची नळी बघा."

त्यांनी शोधलं. रुक्मिणी सापडल्या, पण गाव जुळेना. मी बादलीतून ओरडत होते, ते कुणाला ऐकू जाणार? सलिमा मॅडमनी तिथूनच त्या बाईला, म्हणजे आमच्या उज्ज्वलालाच, स्पीकरवर फोन लावला. "ताई, तुमच्या आईची नळी इथे नाही. रुक्मिणी नावानं सगळं पाहिलं."

पलीकडून आवाज आला. "मंग कशी सापडंल? आय देवाच्या कामाला माहेरचंच नाव सांगायची. चतुरा बघा, मॅडम."

"चतुरा?" म्हाळूनं कपाळावर हात मारला. "आरं देवा, आत्ताच तर बादलीत टाकली!" तो खाली बसला, दोन्ही हातांनी आम्हाला उलथंपालथं करू लागला. माझ्यावरची शाई जवळजवळ गेली होती. त्यानं मला उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले. "ही घ्या, लिंबागणेश!"

मग उज्ज्वलानं हात दिला. आईचं रक्त आणि लेकीचं रक्त शेजारी ठेवून तपासलं. बाई धडधाकट दिसत होती तेव्हाच तिच्या रक्तात बिघाड सुरू झाला होता, आणि तीच खूण आता उज्ज्वलाच्या रक्तात होती. "पाय सुजायची वाट बघायची नाही, ताई," सलिमा मॅडम म्हणाल्या. "औषध आजपासून. अंगदुखीच्या गोळ्या बंद, त्यांनी किडनी आणखी बिघडते." उज्ज्वला पदर तोंडाला लावून रडली. तिच्या रडण्यात भीती होती, पण सुटकाही होती.

सलिमा मॅडमनी बादलीतल्या सगळ्याजणी परत कप्प्यात ठेवायला लावल्या. "नवीन बायका आजारी पडायची वाट कशाला बघायची? ज्या आजारी पडल्या, त्यांचं आधीचं रक्त इथंच आहे. आधी हे तपासू, मग नवीन सुया."

माझा शेवटचा थेंब यंत्रात गेला तेव्हा कापराचा वास एकदा भरून आला आणि विरला. माझ्यात आता कुणी नाही. थोड्या वेळानं मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत जाईन. वाईट वाटत नाही, नवस फिटला.

पण अशा कप्प्यांमध्ये अजून किती जणी असतील, कुणास ठाऊक. तुमच्या घरातल्या कुणी कधी अशा शिबिरात हात पुढे केला असेल, तर जाऊन विचारा, त्याचं काय झालं. तुम्ही स्वतः रक्त घेणारे असाल, तर नवी सुई काढण्याआधी फ्रीजरचं दार उघडून बघा. आणि उत्तर मिळेपर्यंत तुम्हीही एखादी आवडीची गोष्ट सोडा. तेवढा एक नवस चतुरासारखा बोला.