फुलांच्या पडद्यामागचं झाकण

“...नवरदेव म्हणे कामशेतच्या पुढं गाडीतून उतरला आणि शेरवानीसकट पळत सुटला. आता पोरीचं काय? काझीसाहेब तर—”

लोणावळ्यातल्या लग्नाच्या हॉलच्या फाटकाशी दोन बायकांचं एवढंच बोलणं कानावर आलं. पुढचं बँडवाल्यांनी गिळलं.

मी त्याच गाडीच्या रेडिएटरचं झाकण बोलतोय. इंजिनाचा सख्खा शेजारी. शेजाऱ्याच्या घरात डोकावू नये म्हणतात, पण भिंत तापली की कळतंच ना!

जन्म कारखान्यातला. पोटात स्प्रिंग, खाली रबर आणि डोक्यावर सूचना: गरम असताना उघडू नये. पण ती वाचायला बॉनेट उघडावं लागतं! आमचे मालक ताजुद्दीनचाचा, तळेगावचे कापडवाले. मनानं राजा माणूस. दर शुक्रवारी गाडीला शांपू, टायरला पॉलिश, आत अत्तराचा फाया. आत पाणी किती उरलंय, हे मात्र मागच्या ईदपासून कुणी पाहिलं नव्हतं. माणसांचंही असंच असतं म्हणा. चेहऱ्याला क्रीम, पोटाला काहीबाही.

चाचांच्या पुतण्याचा, सोहेलचा निकाह ठरला. समोरच्या घरच्या लग्नात गाडीच्या नाकावर फुलांची जाळी होती. चाचांनी जाळी नाही, गोधडीच घातली. झेंडू, गुलाब, वर जरीची झालर. वारा आत यायची जागाच बुजली. मला तर वाटलं, घरात कुणी गेलं की काय.

त्यात रविवार. लोणावळ्याला निघालेल्या पर्यटकांची रांग मुंगीच्या पावलानं चाललेली. नवरदेवाला घाम नको म्हणून एसी पुरा. दुपारनंतर काझीसाहेबांना दुसऱ्या गावी निकाह पढवायचा होता, म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला.

“चाचा, टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेलाय,” सोहेल म्हणाला.

“जाऊ दे रे. रुसलेला पाहुणा आहे तो, उगाच फुगतो.”

पाहुणा पुढच्याच चढावर फुटला. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. गाडी कडेला लागली आणि क्षणात सल्लागार जमले. आपल्याकडे मदतीला माणूस मिळेल न मिळेल, सल्ल्याला तोटा नाही.

“चाचा, वरनं गार पानी मारा, लगीच थंड व्हतंय!” शेतातून आलेले बाजीराव म्हणाले.

“बंद करू नका, रेस द्या!” एक मोटरसायकलवाला.

चाचांनी बॉनेट उघडलं, हाताला रुमाल गुंडाळला आणि हात थेट माझ्याकडं! माझ्याखाली उकळतं पाणी उसळ्या मारत होतं. मी सुटलो असतो, तर चाचांचा चेहरा भाजला असता. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. त्यांना नुसतं ‘फुस्स’ ऐकू आलं.

“ताजू, हात मागं!” मागच्या सीटवरून उतरत सोहेलची आई जैतुनबी गरजली. “कुकरची वाफ जायच्या आधी झाकण काढतोस का घरी?”

“भाभी, घरी मी कुठं कुकर...”

“म्हणूनच! गाडी बंद कर आणि गप बस. आणि ही फुलं काढ. भाजी झालीय त्यांची.”

“लोक काय म्हणतील? बोडक्या गाडीतून नवरदेव?”

“नवरदेव पोचला तर म्हणतील ना काही!”

चाचांनी डोळे पुसत गोधडी उतरवली. मला गार वारा लागला, असं वाटलं पुन्हा जन्मलो. सोहेलनं कॅन घेतला, मोजड्या हातात घेतल्या आणि बाजीरावांनी दाखवलेल्या हापशीकडं शेरवानी सावरत पळाला. तेवढ्यात मुलीकडचा कुणी मोटरसायकलवरून गेला. त्यानं थांबून विचारलं असतं तर! पण विचारण्यापेक्षा हॉलवर फोन लावणं सोपं.

सगळं निवल्यावर चाचांनी जाड ओल्या फडक्यानं मला हळूच अर्धं फिरवलं, उरली वाफ जाऊ दिली आणि इंजिन चालू करून थोडं थोडं पाणी घातलं. पुढची वाट एसी बंद, हीटर चालू, काचा खाली. इंजिनाचा ताप आतल्या माणसांनी वाटून घेतला. नवरदेव चिंब.

फुलं नाहीत म्हणून फाटकाशी आम्हाला कुणी ओळखलंच नाही. म्हणून तर त्या बायका आमच्याच तोंडावर बोलत होत्या. सोहेल उतरला तशा त्या पदर सावरत बाजूला सरकल्या. काझीसाहेब चप्पल घालून उभे होते, ते परत आत वळले.

माझं रबर आता थकलंय. एक वाळकी पाकळी अजून अंगाला चिकटून आहे. बाबांनो, गाडी नटवा, पण तिचं नाक मोकळं ठेवा. आणि मी गरम असताना मला हात लावू नका. माझी शपथ आहे.

त्या दिवशी निकाह झाल्यावर नवरी शहिस्ता गाडीत सोहेलशेजारी बसली. घुंगटाआडून हळूच म्हणाली, “तुम्ही पळाला होतात म्हणे?”

“पळालो होतो. पाण्याला.”

“आणि शेरवानी?”

“ती पण होती.”

“मग बायका काही अगदीच खोटं बोलत नव्हत्या,” शहिस्ता म्हणाली आणि पदरानं त्याचा घाम पुसला.