चौथा खांदा

केशवदत्त मास्तरांनी त्रिलोकच्या दाराच्या चौकटीवर खडूने क्रमांक घातला आणि जनगणनेच्या कागदावर लिहिलं: माणसं चार. त्रिलोक, त्याची बायको, दोन मुली. मुली मास्तरांच्याच शाळेतल्या. शाळेत सगळी मिळून मुलं सात.

गावचा प्रधान खिमानंद सकाळपासून त्यांच्या मागे मागे फिरत होता.

"कुलपं लागलीत ती घरंही लिहा, मास्तर. दिल्लीला गेले म्हणून काय परके झाले?"

"इथे राहतात तेवढेच लिहायचे. नियम आहे."

"अडीचशे डोकी भरली तरच रस्ता, हाही नियमच आहे."

मास्तर पुढच्या दाराकडे वळले. निम्मं गाव पालथं घालूनही आकडा साठीच्या अलीकडेच रेंगाळत होता.

तेवढ्यात वरच्या अंगाने धनसिंह धापा टाकत उतरला. परुली आमा, गावाची म्हातारी आजी, गवताच्या भाऱ्यासकट बांधावरून घसरली होती. खुबा गेला होता, पाय टेकवत नव्हता.

दोन बांबूंना खुर्ची बांधून डोली तयार झाली. खाली पुलापर्यंत सहा किलोमीटरची पायवाट, तिथून पुढे जीप. उचलायला धनसिंह होता, एकसष्ट वर्षांचा. खोकणारा बची होता. आणि धडधाकट म्हणावा असा एकटा त्रिलोक. तो बायकोशी दोन शब्द बोलून आला आणि बांबूखाली शिरला. प्रधानाने स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. मग सगळे मास्तरांकडे बघू लागले.

मास्तरांनी कागदांची पिशवी गळ्यात अडकवली.

पहिल्याच उतारावर त्यांचा खांदा सोलवटला. दर वळणावर डोली टेकवावी लागे आणि दर वेळी आमा कण्हे.

"हळू रे. मी काय दगड आहे?"

"दगड निदान गप्प असतो, आमा," त्रिलोक म्हणाला. वेदनेतही ती हसली.

थोड्या वेळाने तिने मान वळवली. "मास्तर, माझं घर लिहायचं राहिलं तुझं."

"लिहितो, आमा."

"एकच लिही. प्रधान माझ्या पोरांची नावं सांगेल, ती घालू नकोस. अकरा वर्षांत आले नाहीत, तुझ्या कागदासाठी काय येतात."

पुलाशी पोचायला तीन तास लागले. हल्द्वानी शहराला जाणारी शेवटची जीप उभी होती. टपावर एक ट्रंक आणि दोन गाठोडी बांधलेली. आत, शाळेचेच स्वेटर घालून त्रिलोकच्या मुली बसल्या होत्या, शेजारी त्यांची आई. डोलीच्या आधीच त्या पायवाटेने पुढे उतरल्या होत्या.

आमाला मागच्या बाकावर आडवं करून त्रिलोक खाली उतरला. त्याने मास्तरांकडे बघितलं नाही.

"उद्या निघायचं होतं. आमाबरोबर इस्पितळात कुणीतरी हवंच, म्हणून आजच. मग तिथूनच पुढे रुद्रपूरला. कारखान्यात लागलोय."

"बोलला नाहीस," धनसिंह म्हणाला.

"डोली उचलताना बोललो असतो, तर आमा उठून चालत आली असती."

कुणी हसलं नाही. धाकटीने खिडकीतून डोकं काढलं.

"गुरुजी, आम्ही उद्या शाळेत येणार नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. त्रिलोक चढला आणि जीप वळणापलीकडे गेली.

पुलाच्या कठड्यावर कागद ठेवून मास्तरांनी आमाचं घर लिहिलं. मग मागचं पान उलटून सकाळी लिहिलेल्या त्रिलोकच्या चारवर रेघ मारली. बची खोकत पुढे निघून गेला होता.

धनसिंहने रिकामी डोली उभी केली.

"मास्तर, निवृत्तीला किती राहिली?"

"आठ वर्षं."

धनसिंहने मान हलवली, जरा विचार केला.

"तुम्ही मागे धरा. चढाला उंच माणूस मागे लागतो."

"रिकामीच तर आहे."

"आज आहे," धनसिंह म्हणाला आणि बांबूंची पुढची टोकं उचलून उभा राहिला.

मास्तर मागे गेले.