कल्हई उडालेली गव्हाण

तांबटाने जन्मभर लोकांची भांडी ठोकली आणि म्हातारपणी डोक्यात मेंढ्यांचं खूळ घेतलं. साध्यासुध्या मेंढ्या असत्या तर तांबटीण चकार शब्द बोलली नसती. पण याला हव्या होत्या त्या चार शिंगांच्या, काळ्या तोंडाच्या, ज्यांचे मोजकेच कळप आता शिल्लक होते. "आपल्यामागे काहीतरी उरायला नको का?" तो म्हणाला. पोटी मूल नव्हतं, हातोडा हाती घ्यायलाही कुणी फिरकलं नव्हतं. तिने गोठा झाडायला घेतला.

विकणारी बाई खमकी होती. मुलगी द्यायची असल्यासारखी तिने उलटतपासणी घेतली आणि मगच एक मेंढा आणि तीन मेंढ्या दिल्या. "खायला पत्र्याची गव्हाण ठेवा, पुरे झालं," असं ती निघताना म्हणाली. ते तांबटाला भलतंच झोंबलं. त्याच्या अंगणात पत्रा? त्याने तांब्याची लांबलचक गव्हाण घडवली, काठाला गोफ काढला, आतून झकास कल्हई केली. मेंढ्यांना आंबवलेला कोंडा द्यायचा होता, आणि आंबट पदार्थ नुसत्या तांब्यात कळकतो, खाणाऱ्याला बाधतो हे त्याच्याइतकं कोण जाणणार?

पण मेंढा आडदांड. खाताना शिंगं अशी घासायचा की थंडी सरेपर्यंत तळाचं तांबं लाल दिसू लागलं.

"अहो, कल्हई उडाली की," तांबटीण म्हणाली.

"दिसतंय गं. पण तिघीही गाभण आहेत. भट्टी लावायची, नवसागराचा धूर करायचा, कशाला त्या बिचाऱ्यांना त्रास? वितील, मग करतो."

इतक्या हळुवारपणे हा माणूस आपल्याबद्दल कधी बोलला नाही, असं तिच्या मनात आलं. थोडा हेवा वाटला, आणि बरंही वाटलं.

मग एका सकाळी मेंढा गोठ्यात आडवा सापडला. दुसऱ्याच दिवशी एक मेंढी गेली, पोटातल्या कोकरासकट. गुरांची डॉक्टरीण आली, तिने मेंढीचं पोट फाडून पाहिलं आणि नळावर हात धुताना तांबटिणीला हळूच सांगितलं.

"तांबं भिनलंय, मावशी. मेंढीला ते सोसत नाही, यकृतात साचत जातं. महिनोन्‌महिने काही कळत नाही, आणि एकदम जीव घेतं."

"उरलेल्या दोघी?"

"औषध देते. पण खोटी आशा लावणार नाही. डोळे पिवळे झाले की संपलं समजा."

नवऱ्याला साथ आली म्हणून सांगावं, असं तांबटिणीला फार वाटलं. पण मग तो त्याच गव्हाणीत पुन्हा कोंडा कालवेल. तिने मन घट्ट केलं आणि सगळं सांगून टाकलं.

तांबट ऐकत राहिला. "म्हणजे मीच मारलं," तो म्हणाला. त्याने गव्हाण उचलली, कुंपणाबाहेर नेऊन उपडी टाकली आणि परत येऊन मेंढ्यांजवळ मातीत बसला. ती जेवायला बोलवायला गेली तरी तो हलला नाही. शेवटी तीही पदर सावरून शेजारी बसली.

दुपार कलताना धाकट्या मेंढीने खाणं सोडलं. तांबटाने तिचं तोंड मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने पापणी वर केली.

"तू बघ गं," तो म्हणाला. "पिवळा आहे का?"

तांबटीण वाकली. हळद लावल्यासारखा पिवळाजर्द होता डोळा.

"नाही हो," ती म्हणाली. "पांढराच आहे."

भांड्यावरचा केसाएवढा ओरखडाही लांबून ओळखणाऱ्या त्या माणसाने पुन्हा एकदा नीट निरखून पाहिलं, आणि पापणी अलगद खाली सोडली.

"हो," तो म्हणाला. "मलाही पांढराच दिसतोय."